नवा टायर आला की गाडीचं काय काय बदलतं?

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) टीमने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमची गाडी दोन वर्षं 13 इंची रिमवर धावते आहे. यंदा 10 इंची रिम आणि वेगळ्या बांधणीचा टायर घ्यायचं मनात आहे. स्पर्धा जानेवारीत कोइम्बतूरला. सीनियर म्हणतात, टायरच तर बदलायचाय, बाकी गाडी तीच ठेवा. खरंच एवढंच असतं का? आणि नवा टायर तपासायचा कसा? आता ऑगस्ट संपत आलाय."

सीनियरांना तसं का वाटतं ते कळतं. नट काढले की चाक हातात येतं, त्यामुळे टायर हा सुटा भाग वाटतो. प्रत्यक्षात गाडीच्या डिझाइनची सुरुवातच टायरपासून होते. कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) किती ठेवायचा, स्प्रिंग किती कडक घ्यायची, वजन पुढे-मागे कसं विभागायचं, ब्रेकची डिस्क केवढी, मागच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) दात किती, यातला एकही आकडा टायर ठरल्याशिवाय ठरत नाही. दोन वर्षं खपून तुम्ही जी सेटअप शीट तयार केलीत, ती त्या टायरवर धावणाऱ्या गाडीची आहे. टायर बदलला की तिच्यातला प्रत्येक आकडा पुन्हा तपासायला घ्यावा लागतो.

रबराकडे नंतर वळू, आधी नुसती मापं बघा. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये रुळलेला 13 इंची टायर साधारण 20.5 इंच व्यासाचा असतो आणि 10 इंची 18 इंचाचा. म्हणजे 521 मिलिमीटरवरून 457. त्रिज्येत 32 मिलिमीटरचा फरक. अपराइट (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि विशबोन (तो भाग गाडीला जोडणारे दांडे) तेच ठेवून नुसती चाकं बदललीत तर अख्खी गाडी 32 मिलिमीटर खाली बसेल. नियमानुसार चालक बसलेला असताना गाडीखाली किमान 30 मिलिमीटर मोकळी जागा लागते. तुमची गाडी आज 40 वर असेल तर नव्या चाकांवर ती 8 वर येईल आणि तांत्रिक तपासणीतूनच परत फिरेल.

मग कुणीतरी सुचवतं, पुशरॉड (चाकाचा भार स्प्रिंगकडे नेणारा दांडा) लांब करू आणि गाडी वर घेऊ. गाडी वर येते, पण विशबोन चाकाकडे उतरते होतात, रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) वर सरकतो आणि वळणात कॅम्बर ज्या हिशेबाने बदलायला हवा तो हिशेबच मोडतो. स्टीअरिंगचंही तेच. कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल) 5 अंश असेल तर 13 इंची टायरवर मेकॅनिकल ट्रेल (तो अक्ष जमिनीला जिथे भिडतो तिथून टायर टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर) ढोबळमानाने 23 मिलिमीटर मिळतो, 10 इंचीवर 20. हातात येणारं वजन बदलतं आणि चालक म्हणतो, "स्टीअरिंग मुकं झालंय." त्याला कारण सांगता येत नाही, पण त्याची तक्रार खरी असते.

गिअरिंगचा हिशेब सोपा आहे आणि तरीही राहून जातो. इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर गाडीचा वेग 12 टक्क्यांनी कमी होतो, चाकाशी मिळणारा जोर 14 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे स्प्रॉकेट बदलायचं, आणि डेटा लॉगरमधला चाकाच्या परिघाचा आकडाही बदलायचा. तो बदलला नाहीत तर लॉगरमधला प्रत्येक वेग खोटा. ब्रेकचा टॉर्क तोच असला तरी जमिनीशी लागणारं बळ वाढतं, म्हणून चाकं लवकर लॉक होतात. त्यातच 10 इंची रिमच्या पोटात जागा कमी, त्यामुळे डिस्क लहान घ्यावी लागते, कॅलिपर बदलावा लागतो. वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधलं अंतर घटतं आणि तेवढ्याच वळणाला विशबोनमधली बळं वाढतात. म्हणून माझं ठाम मत: 10 इंचावर जायचं तर नवा अपराइट बनवायचा. जुन्या अपराइटवर जुगाड करून जाऊ नका. फायदेही आहेत. चाक हलकं होतं, फिरवायला सोपं होतं, गुरुत्वमध्य खाली येतो, आणि लहान टायर लवकर गरम होतो. एकच लॅप मारायच्या ऑटोक्रॉसमध्ये या शेवटच्या गोष्टीचं मोल फार आहे.

आता टायरच्या बांधणीकडे. क्रॉसप्लाय टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे रचलेले असतात. रेडियलमध्ये दोऱ्या एका बीडपासून (रिमवर बसणाऱ्या कडेपासून) दुसऱ्या बीडपर्यंत आडव्या जातात आणि वर पट्टा असतो, त्यामुळे साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आणि जमिनीला टेकणारा भाग बऱ्यापैकी वेगवेगळे वागतात. रेडियल सहसा कमी स्लिप अँगलला (चाकाचं तोंड आणि चाक खरंच जातं ती दिशा यांतला कोन) पूर्ण पकड देतो आणि तिथून पुढे पकड चटकन सुटते. क्रॉसप्लाय सावकाश चढतो, सावकाश उतरतो, चालकाला सावरायला वेळ देतो. रेडियलला साधारणपणे निगेटिव्ह कॅम्बरही जास्त लागतो. तुमची जुनी कॅम्बरची जागा, अकरमनचा कोन (वळताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाच्या वळण्यातला फरक), टो (चाकांची तोंडं आत की बाहेर), हे सगळं या एका फरकाने हलतं. आणि चालकही हलतो, हे विसरू नका. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीत 2016 साठी ब्रिजस्टोन जाऊन मिशेलिन आलं, चाकं 16.5 इंचांवरून 17 इंचांची झाली. नोव्हेंबर 2015 मधल्या व्हॅलेन्सियाच्या चाचणीत जगातले सर्वोत्तम रायडर एकामागून एक पुढचं चाक घसरून पडत होते. ब्रिजस्टोनच्या पुढच्या टायरवर वळणात खोलवर ब्रेक लावायची सवय हाडात मुरली होती, नवा टायर ते चालवून घेत नव्हता.

टायर ही स्प्रिंगसुद्धा असते, आणि ती सस्पेन्शनच्या स्प्रिंगला एकापुढे एक जोडलेली असते. समजा, चाकापाशी तुमच्या सस्पेन्शनचा कडकपणा मिलिमीटरला 35 न्यूटन आहे आणि टायरचा 100. दोन्ही मिळून 26 च्या आसपास. नवा टायर 130 चा असेल तर एकूण 27.6. सहा टक्क्यांचा फरक, स्प्रिंगला हातही न लावता. पुढे एक टायर आणि मागे वेगळ्या रुंदीचा टायर घेतलात तर हा फरक दोन्हीकडे सारखा नसतो आणि गाडीचा तोलच सरकतो. शिवाय टायरला डॅम्पर (उसळी आवरणारा शॉक अॅब्झॉर्बर) नसतो. साइडवॉल जेवढी उंच, तेवढी उसळी तुमच्या डॅम्परच्या ताब्याबाहेर. फॉर्म्युला वनने 2022 मध्ये 13 इंचांवरून 18 इंची रिमवर उडी मारली तेव्हा नेमकं हेच उलट्या बाजूने घडलं. आधीच्या फुगीर साइडवॉलमध्ये सस्पेन्शनच्या हालचालीचा मोठा हिस्सा दडलेला होता. तो गेला आणि ते काम खऱ्या स्प्रिंग-डॅम्परवर आलं. त्याच वर्षी गाडीच्या तळाखालून डाउनफोर्स (गाडीला जमिनीकडे दाबणारं हवेचं बळ) काढायचे नियम आले, गाड्या जमिनीलगत आणि कडक चालवाव्या लागल्या, आणि सरळ रस्त्यावर त्या कशा उसळत होत्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या उसळीचं मूळ हवेच्या प्रवाहात होतं, पण मऊ साइडवॉलची गादी असती तर चालकांच्या पाठीला थोडा आराम मिळाला असता. पुढच्या टायरची पकडही कमी पडत होती, गाड्या वळणात बाहेर ओढत होत्या. म्हणून पिरेलीने 2023 साठी पुढच्या टायरची रचना बदलली.

वजनाच्या वाटणीचं उदाहरण मला यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं, कारण ते सरळ तुमच्या निर्णयाशी जोडलेलं आहे. 1998 पासून फॉर्म्युला वनच्या टायरवर खाचा सक्तीच्या होत्या. 2009 मध्ये गुळगुळीत स्लिक परत आले, पण टायरची रुंदी तीच राहिली. पुढच्या टायरला खाचा गेल्याचा फायदा प्रमाणाबाहेर झाला. संघांनी वजन पुढे सरकवायला सुरुवात केली. ज्यांनी गाडीत ऊर्जा साठवणारी केर्स यंत्रणा बसवली होती त्यांना मात्र हलवायला वजनच उरलं नाही. 2010 मध्ये पुढचा टायर 270 मिलिमीटरवरून 245 वर आणला गेला आणि सगळ्यांचा हिशेब पुन्हा बदलला. 2011 मध्ये ब्रिजस्टोन जाऊन पिरेली आलं. नव्या टायरला वजन कुठे हवंय हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याचा अंदाज चुकेल त्याचं अख्खं वर्ष बुडेल, हे दिसत असल्यामुळे नियमातच वाटणी बांधून टाकली: 640 किलोच्या गाडीत पुढच्या चाकांवर किमान 291 किलो आणि मागच्या चाकांवर किमान 342. मोकळे उरले फक्त 7 किलो. जगातल्या सर्वांत श्रीमंत संघांनाही न पाहिलेल्या टायरवर वजनाची वाटणी ठरवता येत नव्हती. तुम्हीही बॅटरी, इंधन टाकी, चालकाची सीट कुठे बसवायची हे नवा टायर हातात येण्याआधी पक्कं करत असाल, तर निदान थोडं वजन पुढे-मागे हलवता येईल अशी सोय ठेवा.

आता चाचणीकडे. टायर बनवणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या गाडीसाठी टायर करायचा असतो, पण ती गाडी अजून जन्मलेलीच नसते. गाडी बनवणाऱ्याला टायरचा डेटा हवा असतो, पण टायर अजून साच्यातून बाहेर आलेला नसतो. 2017 मध्ये फॉर्म्युला वनचे पुढचे टायर 245 वरून 305 मिलिमीटर आणि मागचे 325 वरून 405 मिलिमीटर रुंद झाले. त्यांच्या चाचण्या 2016 मध्ये फेरारी, मर्सिडीज आणि रेड बुलच्या 2015 च्या गाड्यांत फेरफार करून घेतल्या गेल्या. या गाड्यांना येणाऱ्या वर्षाएवढा डाउनफोर्स काही निर्माण करता आला नाही, म्हणून पिरेलीने सावध राहून टायर जरा कडकच केले. उलटही होतं. 2021 मध्ये बाकूच्या शर्यतीत दोन गाड्यांचे मागचे टायर भर वेगात फुटले आणि सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीपासून मागचा टायर मजबूत करण्यात आला. 2020 साठी तयार केलेले टायर तर 2019 अखेरच्या चाचण्यांनंतर संघांनी एकमताने नाकारले आणि जुनेच टायर पुढे चालवले. त्यांनी कारखान्यात पुढच्या वर्षीची गाडी आधीच आखली होती, वाऱ्याच्या बोगद्यातली 60 टक्के आकाराची मॉडेलं जुन्या टायरच्या आकारावर बेतलेली होती. टायरचा फुगवटा थोडा बदलला तरी मागे जाणारा हवेचा प्रवाह बदलतो. तुमच्या गाडीला पुढचा पंख आणि तळाखालचा डिफ्युझर (हवा मागे बाहेर सोडणारा भाग) असेल तर लहान चाकाने तुमचाही प्रवाह बदलणार आहे, हे एरो बघणाऱ्याला आजच सांगा.

तुमच्याकडे बोगदा नाही, मशीन नाही. पण एक मोठी सोय आहे: फॉर्म्युला स्टुडंटसाठीचं टायर टेस्ट कन्सोर्शियम. अमेरिकेत बफलोजवळच्या कॅलस्पन या चाचणी करणाऱ्या कंपनीच्या मशीनवर तुमच्या वर्गातल्या टायरांच्या चाचण्या होतात आणि सभासद टीमना तो कच्चा डेटा मिळतो. कॉलेजचं सभासदत्व आहे का ते आधी शोधा, बऱ्याच ठिकाणी ते कुण्या माजी विद्यार्थ्याच्या ईमेलवर पडून असतं. त्या डेटातून पसेयकाच्या मॅजिक फॉर्म्युल्याचे (टायरची पकड आकड्यांत मांडणाऱ्या सूत्राचे) गुणांक काढून गाडीचं मॉडेल चालवा. एक सावधगिरी: ते मशीन सँडपेपरसारख्या खरखरीत पट्ट्यावर टायर चालवतं, त्यामुळे पकड डांबरापेक्षा बरीच जास्त दिसते. टीम साधारण दोन तृतीयांश धरून चालतात. कॅम्बर कमी-जास्त केल्यावर पकड कुठे झुकते, भार वाढला की घर्षणाचा गुणांक किती उतरतो, हे कल मात्र विश्वासाने घ्या. दोन टायरांची आपापसात तुलना करायला याहून चांगला मार्ग तुमच्या खिशाला परवडणारा नाही.

मैदानावरची चाचणी हवेपासून सुरू होते. इथे पुण्याची एक खास गोष्ट. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे आणि गेज आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. इथे 12 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर त्याच तापमानाला चेन्नईत 11 च्या आसपास दिसेल. कोइम्बतूर बरंच उंचावर असल्याने तिथे फरक पाव पीएसआयचाच, पण सरावाला चेन्नईच्या ट्रॅकवर जाणार असाल तर तो एक पीएसआय लक्षात ठेवा. तापमानाचा फरक तर त्याहून मोठा. सकाळी 20 अंशांवर 12 भरलेल्या टायरमधली हवा 50 अंशांना पोचली की दाब साडेचौदाच्या पुढे जातो. म्हणून 'आम्ही 12 वर चालवतो' या वाक्याला अर्थ नाही. थंड किती आणि गाडी आत आल्याआल्या गरम किती, दोन्ही लिहा. गेज एकच वापरा, तो एकाच मुलाच्या खिशात राहू द्या. पेट्रोल पंपावरच्या गेजवर टायरची चाचणी होत नाही.

गाडी थांबल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात टायरचं तापमान घ्या. सुई असलेलं पायरोमीटर हवं, ते रबरात थोडं टोचून आतलं तापमान घेतं. इन्फ्रारेड बंदुकीला फक्त वरची कातडी दिसते आणि ती क्षणात थंड होते. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड, असे तीन आकडे. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा फारच गरम असेल तर कॅम्बर जास्त. थोडी जास्त असणं ठीक. मग खाली वाका आणि टायर डोळ्यांनी बघा, हाताने चाचपा. बारीक दाणे आडवे सुटलेले दिसले तर टायर अजून थंड असताना घसरला आहे. चकचकीत, काचेसारखा पृष्ठभाग दिसला तर तो जळाला आहे. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा थर असतो, तो निघेपर्यंतच्या फेऱ्यांचा डेटा वेगळा ठेवा.

तुलनेसाठी स्किडपॅड (वर्तुळात गाडी फिरवायची चाचणी) घ्या. आतल्या वर्तुळाचा व्यास 15.25 मीटर, वाट 3 मीटर रुंद. कॉलेजच्या पार्किंगमध्येही आखता येतं, रविवारी सकाळी परवानगी मिळते. वाटेच्या मधोमध धरून 5.1 सेकंदांची फेरी म्हणजे 1.41 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 1.41 पट प्रवेग), आणि 5.0 सेकंदांची म्हणजे 1.47 जी. एका दशांश सेकंदात एवढा अर्थ भरलेला आहे, म्हणून हाताच्या स्टॉपवॉचवर भागवू नका. क्रम असा ठेवा: जुना टायर, नवा टायर, पुन्हा जुना. शेवटचा जुना पहिल्या जुन्यापेक्षा वेगवान आला तर दरम्यान डांबर तापलंय, रबर पडलंय किंवा चालकाचा हात बसलाय, आणि नव्या टायरच्या आकड्यातून तेवढं वजा करायचं. ही तिसरी पायरी उन्हाचा कंटाळा येऊन बहुतेक टीम सोडून देतात, आणि त्यांच्याकडे मग मत उरतं, मोजमाप उरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. मॉडेलने सुचवलेल्या कॅम्बरपासून सुरू करा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा अंश सरका.

तुमची स्पर्धा जानेवारीत, ऑटोक्रॉस उन्हं वर यायच्या आधीही असू शकते. म्हणून ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात टायर उत्तम चालला यावर खूश होऊ नका. डिसेंबरात पहाटे, डांबर गार असताना मुद्दाम एक सत्र करा आणि टायरला तापायला किती फेऱ्या लागतात ते मोजा. स्पर्धेसाठी ठेवलेला सेट काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सावलीत ठेवा, आणि वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीनजवळ अजिबात नको. तिथे तयार होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो. अनेक कॉलेजांत टायर नेमके त्याच कोपऱ्यात रचलेले असतात.

आता तुमचा निर्णय. बाहेरून टायर मागवायला किती वेळ लागतो ते आजच विक्रेत्याकडून लेखी घ्या. नवे अपराइट मशीनिंगला भोसरीत टाकायला तुमचं ड्रॉइंग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तयार हवं, आणि टायर ऑक्टोबर संपायच्या आत हातात हवेत. या दोन्ही तारखा जमत असतील तर जा, 10 इंची टायर तुमच्या वजनाच्या गाडीला नक्की मानवेल. यातली एकही जमत नसेल तर यंदा 13 इंचीवरच राहा, पण जुन्या कंपाउंडचे (रबराच्या मिश्रणाचे) नवे सेट घ्या आणि वाचलेल्या वेळात कॅम्बर, हवा आणि वजनाची वाटणी यांचा नीट अभ्यास करा. दोन वर्षांत तो टायर तुम्ही पूर्ण वापरला असेल असं मला तुमच्या प्रश्नावरून वाटत नाही. आणि 10 इंची टायरचा एक सेट तरी याच वर्षी मागवून ठेवा, म्हणजे फेब्रुवारीत परत आल्यावर ज्युनियरांना पुढच्या गाडीचं पहिलं ड्रॉइंग खऱ्या टायरचं माप घेऊन काढता येईल.